आईबाबांची बॅग अडकलीय, क्लेमचं कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईबाबा पहिल्यांदाच मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला आले. मुंबईचंच विमान चार तास लेट, त्यामुळे पुढचं चुकलं, आणि शेंगेन व्हिसा (जर्मनीसकट बऱ्याच युरोपीय देशांत शिरायचा) नसल्याने बाहेर हॉटेलात जाता येईना, मग अख्खी रात्र ट्रान्झिटच्या खुर्च्यांवर काढली बिचाऱ्यांनी (बाबा म्हणे, एसटी स्टँडपेक्षा बरं होतं 😅). एवढं करून इथे पोचले तर दोनपैकी एक बॅग आलीच नाही. नेमकी बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची, तीन महिन्यांच्या! हँडबॅगेत फक्त दोन दिवसांच्या आहेत. आईला मात्र भाजणी आणि मेतकुटाचीच जास्त काळजी.

एअरपोर्टवरच तक्रार नोंदवून पीआयआर नंबर (बॅगेच्या तक्रारीचा नंबर) घेतलाय. आज चौथा दिवस, फोन केला की "ट्रेसिंग चालू आहे" एवढंच. मॉन्ट्रियल करारात (विमान प्रवासातल्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) 21 दिवसांनी बॅग हरवली असं धरतात हे वाचलं, पण तोवर घेतलेले कपडे, स्वेटर वगैरेंचे पैसे पावत्या दाखवून आत्ताच मागता येतात का? कोणाला मिळालेत?

आणि मुख्य म्हणजे गोळ्या! पुण्याच्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲपवर आहे, पण इथली फार्मसी ते घेत नाही. अर्जंट केअरला (अपॉइंटमेंटशिवाय बघणारं क्लिनिक) जाऊ का ऑनलाइन डॉक्टर बघू? ट्रॅव्हल इन्शुरन्स भारतातूनच काढलाय, त्यात हे बसतं का? प्लीज लवकर सांगा.