मदत हवी आहे: व्हर्च्युअलबॉक्समधल्या एक्सपीला फॉन्टचं डाँगल दिसत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचा साताऱ्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, भजनी मंडळांच्या पुस्तिका, यात्रांच्या स्मरणिका, सगळं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. सोबत मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज, जे यूएसबी डाँगल (पेनड्राइव्हसारखी दिसणारी परवान्याची चावी) लावल्याशिवाय उघडतच नाही. हे ज्या विंडोज एक्सपीच्या मशीनवर चालायचं त्याचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत आहे, फाइल्स काढून घेतल्या आहेत.

युनिकोडमध्ये (आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीत) कन्व्हर्ट करा असं कृपया सुचवू नका. कन्व्हर्टरमधून मजकूर निघतो, मांडणी निघत नाही. एका गावाला जुन्या स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. तिच्यात घराण्यांच्या वंशावळी आहेत, रेघा मारून, रकान्यांत बसवलेल्या. ती नावं सांगणारी म्हातारी माणसं आता हयात नाहीत. पुन्हा टाइप करताना कोण कुणाचा मुलगा यात एक चूक झाली, तर ती सुधारायला विचारणार कुणाला? म्हणून मूळ फाइलच उघडायला हवी.

नवा डेस्कटॉप विंडोज ११ चा, १६ जीबी रॅम. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, व्हर्च्युअलबॉक्स ७ (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, त्यात मूळ सीडीवरून एक्सपी सर्व्हिस पॅक ३ चढवलं. १ जीबी रॅम आणि २० जीबीची डिस्क दिली आहे. पेजमेकर व्यवस्थित बसला. अडतंय ते पुढे:

डाँगल लावलं की विंडोज ११ ला दिसतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या 'डिव्हाइसेस' मेनूमधल्या यूएसबीच्या यादीतही नाव येतं, पण त्यावर टिचकी मारली की 'बिझी' असा एरर. आत एक्सपीत काहीच नाही. पेजमेकरमध्ये फाइल उघडते, पण फॉन्ट नसल्याने पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

दुसरं, सगळं फार रेंगाळतं. पान खाली सरकवलं की रेघा एकेक करून उमटतात. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

कासवाचा संबंध आहेच. विंडोजचं स्वतःचं हायपरव्हायझर (आभासी संगणक चालवणारा भाग) चालू असलं की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतं, तेव्हा ते चित्र येतं. 'विंडोज फीचर्स'मध्ये हायपर-व्ही आणि 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' यांच्या खुणा काढा, 'कोअर आयसोलेशन'मधली 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करा आणि मशीन रीस्टार्ट करा. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे त्या डेस्कटॉपवर बँकेचे व्यवहार होत असतील तर आधी विचार करा.

डाँगल 'बिझी' आहे, म्हणजे बहुधा विंडोज ११ मधल्या एखाद्या ड्रायव्हरने ते धरून ठेवलंय. बाहेर, म्हणजे विंडोज ११ मध्ये, डाँगलचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर काढून टाका, ते फक्त एक्सपीत हवं. मग एक्सपी बंद करून व्हर्च्युअलबॉक्समधल्या त्याच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी १.१ किंवा २.० निवडा. ३.० नको, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नाही. तिथेच डाँगलसाठी फिल्टर (ते उपकरण आपोआप एक्सपीला देणारा नियम) बनवा, त्यात व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी (उत्पादकाचा आणि उपकरणाचा क्रमांक) ठेवून बाकीचे रकाने रिकामे करा. आता डाँगल उपसा, एक्सपी सुरू होऊ द्या आणि मगच डाँगल कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात लावा, हबमध्ये नको.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक भर घालतो: त्या एक्सपीचं नेटवर्क अ‍ॅडॅप्टर बंदच ठेवा. एप्रिल २०१४ पासून त्याला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. फाइल्सच्या देवाणघेवाणीला शेअर्ड फोल्डर पुरतो, त्याला नेट लागत नाही, फक्त गेस्ट अ‍ॅडिशन्स (एक्सपीच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) टाकावे लागतात. छपाईसाठी आत पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, प्रिंट फाइलमध्ये काढा आणि बाहेर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिचं पीडीएफ करा. फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड केले तर बाहेर डाँगल लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! बाहेरचं डाँगलचं सॉफ्टवेअर काढलं, फिल्टर लावला आणि एक्सपीत 'नवीन हार्डवेअर सापडलं' असा फुगा आला. वंशावळीचं पान उघडलं, रेघा जागच्या जागी, जोडाक्षरंही नीट. बाबांनी खुर्ची ओढून लगेच मुद्रितशोधन सुरू केलं आहे. कासवही गेलं.

आता बॅकअपचं सांगा: मशीन बंद करून नुसती डिस्कची फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केली तर पुरेल, की 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' (सेटिंग्जसकट सगळं आभासी मशीन बांधून ठेवणं) करून ठेवू?