मोठी सेडान रोजच्या वापरात: आपापले अनुभव इथे लिहा

चाकण_रस्ता

काल पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला डब्ल्यू१२४, म्हणजे मर्सिडीजची जुनी ई-क्लास, दिसली आणि सगळं आठवलं. चौकोनी दिवे, बॉनेटवर उभा तारा, आणि तो एकुलता एक वायपर, फिरता फिरता लांब-आखूड होऊन काचेचे वरचे कोपरेही पुसणारा. १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीजची पहिली जोडणी झाली ती हीच गाडी. त्यांचा चाकणचा कारखाना बराच नंतरचा, २००९ चा.

आता सहा-सात वर्षांची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची पाच सिरीज, ऑडीची ए६ किंवा स्कोडाची सुपर्ब नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते, म्हणून बरेच जण विचारतात घेऊ का. जरूर घ्या, पण एक धरून चाला: गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. टायर, ब्रेकच्या डिस्क, बॅटरी, सस्पेन्शन हे सगळं नव्या गाडीच्याच दराने येणार.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखड आली तर इंजिनची टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर यांच्याकडे संशयाने बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजून ताडून बघा. कडेला बोटाला लागेल इतकी धार आली असेल तर डिस्क संपत आल्यात. दोन्ही चाव्या मागा. चाकाच्या कुलूपबंद बोल्टची खाच असलेली टोपी डिकीत आहे का बघा, ती नसली की पंक्चरच्या दिवशी रस्त्यावर अडकलात. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) फक्त इंजिनला नाही, सगळ्या मॉड्यूलना (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेट्यांना) लावायला सांगा.

कुठल्या कंपनीच्या नावाने खडे फोडायला नकोत. काय बघायचं, काय करायचं, का बिघडतं, एवढं लिहा.

वडाची_सावली

वाचतेय. गाडी दारात येऊन आठवडा झालाय, त्यामुळे सगळंच उपयोगी.

तळेगाव_टायर

टायरचं घ्या. २४५/४५ आर१८ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची २४५ च्या ४५ टक्के, ११० मिमी. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात उशी तेवढीच. हवा कमी असली की ही भिंत रिम आणि धार यांच्यात चिमटली जाते, आतले दोरे तुटतात आणि फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, कितीही नवा असो. म्हणून या गाड्यांना "मऊ चालावी" म्हणून हवा कमी ठेवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणावर आकडे असतात, ते थंड टायरचे आणि माणसं-सामानाप्रमाणे वेगवेगळे असतात.

रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं चालणारा टायर) असेल तर हवा शून्य झाल्यावर ताशी ८० च्या आत, साधारण ८० किमी जाता येतं. तसा पळवलेला टायर मात्र परत वापरायचा नाही, आतून भाजलेला असतो. अशा गाड्यांत सहसा डिकीत स्टेपनीची जागाच नसते, म्हणून साधे टायर घालणार असाल तर सोबत पंप आणि पंक्चर किट हवंच.

टायरवर तारा किंवा एमओ, एओ अशी खूण दिसते, म्हणजे त्या गाडीसाठी मान्य केलेला टायर. एका ॲक्सलवर तरी दोन्ही टायर एकसारखे ठेवा.

कोथरूडची_मी

मदत हवीय!! ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पायाखाली पाणी साचतंय. गाडीला सनरूफ आहे. वर्कशॉपवाला म्हणतो काच बदला. सहा वर्षांची गाडी.

गॅरेजकाका

ताई थांबा, काच बदलू नका. आधी पाणी कुठलं ते ठरवा.

फक्त एसी चालवल्यावर येतं, गार आणि बिनवासाचं असतं: एसीचा निचरा तुंबलाय. बोटांना चिकट लागतं, गोडसर वास येतो, आतून काचेवर तेलकट धुकं: हीटरमधून कूलंट गळतंय, लगेच दाखवा. पाऊस किंवा धुलाईनंतर येतं: सनरूफचे निचरे, किंवा बॉनेटखाली वायपरच्या पन्हळीत साचलेला पाला.

सनरूफच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार भोकं. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या कडेच्या खांबातून उतरून बहुतेक गाड्यांत दाराच्या बिजागरीजवळ बाहेर पडतात, मागच्या दोन मागच्या चाकाकडे किंवा बंपरमागे. सनरूफ उघडा, एका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळू ओता. काही सेकंदांत खाली धार दिसली पाहिजे. पाणी तिथेच थांबलं तर ती नळी बंद.

साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर गोल करून. हलक्या हाताने सारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते आणि मग सगळं छत उतरवावं लागतं.

वडाची_सावली

बापरे ताई, काळजी घ्या. पावसाळ्यात असं म्हणजे वासानेच जीव जातो.

चाकण_रस्ता

काकांशी पूर्ण सहमत. भर एवढीच: वरचा गालिचा वाळला म्हणजे वाळलं असं नाही. खाली जाड फोम असतो, स्पंजासारखं पाणी धरतो, आणि कित्येक गाड्यांत वायरींचे सांधे आणि मॉड्यूल त्याच्याच खाली असतात. गालिचा उचलून फोम वाळवा. महिन्याभराने उगाच दिवे लागणं, काच न उतरणं सुरू होतं ते यामुळेच.

सातारी_कंदी

दसऱ्याला गाडीची पूजा करणाऱ्यांसाठी. पुढच्या जाळीवर झेंडूचं तोरण बांधतो तिथेच, कित्येक गाड्यांत कंपनीच्या चिन्हाच्या मागे, रडार असतं. ते झाकलं की पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल बंद पडतो आणि पडद्यावर सूचना येते. बिघाड नाही, तोरण सरकवा. काचेच्या वर आरशापाशी कॅमेरा असतो, तिथे हार नको. झेंडू ओला राहिला की रंगावर पिवळे डाग उठतात, त्यामुळे हार त्याच संध्याकाळी काढा. स्वस्तिक बॉनेटवर थेट न काढता पारदर्शक फिल्मच्या तुकड्यावर काढा. हळद-कुंकू कोरड्या फडक्याने पुसू नका, बारीक ओरखडे येतात. आधी पाणी, मग मायक्रोफायबर.

नागोठणे_नाका

अवांतर: गणपती सेडानमधून आणताना मूर्ती कुठे ठेवता?

सातारी_कंदी

मागच्या सीटवर नको वाटतं, बसायचा भाग मागे उतरता असतो. ठेवायचीच तर पाट मागच्या बाजूने उचला, घडी केलेली चादर घालून, म्हणजे सपाट होतो. त्यापेक्षा पुढची डावी सीट पूर्ण पुढे घेऊन तिच्या मागे खाली जाड चादरीवर ठेवा. ती जागा सगळ्यात कमी हलते. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका, समोर एअरबॅग आहे.

नागोठणे_नाका

एअरबॅगचं डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. मोरया!

एम्पिअर

बॅटरी. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू) असलेल्या गाडीत सहसा एजीएम (ॲसिड चटईत शोषलेली बॅटरी) असते, साधी घालायची नाही. काही तास उभ्या गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. नवी बसवल्यावर स्कॅनरने गाडीला तसं कळवावं लागतं. नाही कळवलं तर चार्जिंग जुन्या थकलेल्या बॅटरीच्या हिशोबाने होत राहतं आणि नवी लवकर जाते.

लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी उघडते विजेवर. बॅटरी मेली की रिमोटमधली धातूची चावी काढून उघडा, किंवा बॉनेटखाली दिलेल्या धन टोकावर करंट द्या. जंप देताना ऋण तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावू नका, तिथे सेन्सर असतो. बॉडीवर दिलेल्या बोल्टला लावा. डिकीतल्या बॅटरीची वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडलीय ना, हेही बघा. मेकॅनिक ती हमखास विसरतात.

रोज रात्री बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास झोपू द्या आणि मग मीटर लावा. ५० मिलीअँपिअरच्या खाली हवं. जास्त असलं तर एकेका फ्यूजवरचा व्होल्टेज ड्रॉप (दोन टोकांमधला फरक) मोजा. फ्यूज उपटलात तर झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि आकडा फसवतो.

वडाची_सावली

हे सगळं वहीत उतरवून घेतलं :)

घाटमाथा

आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली घाट उतरताना. गाडी जड, ऑटोमॅटिक, आवाज काही नाही, त्यामुळे वेग कळतच नाही आणि पाय सतत ब्रेकवर राहतो. स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरा, इंजिनला अडवू द्या.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओल मुरली की मर्यादा १५५ पर्यंत येते. घाटात ते उकळलं की वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी असोत.

खाली पोचल्यावर लगेच ऑटो-होल्डवर (पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारी सोय) चहाला थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळलेलं राहतं, त्याचा थर तिथे चिकटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली, बहुतेकदा हा थरच असतो. शेवटचे दोन-तीन किमी सपाटीवर ब्रेक न लावता चालवा. पाणी तर मुळीच मारू नका.

गॅरेजकाका

+१. आणि मागचे पॅड बदलताना इलेक्ट्रिक हँडब्रेक आधी सर्व्हिस मोडला न्यायचा. तसं न करता शिकंज्याने पिस्टन दाबला की आतली मोटर आणि गिअर तुटतात. पॅडच्या पैशात कॅलिपर (पॅड आवळणारा भाग) जातो.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत नव्या गाडीची पहिली तांत्रिक तपासणी ३ वर्षांनी, मग दर २ वर्षांनी. ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे सांधे, गंज सगळं बघतात आणि जुनी गाडी घेताना तो कागद मागतातच. तिकडे तशी सोय नाही, तर विकत घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. तासाभराचं काम. घरी सगळे बरे ना? इथे आज धो धो पाऊस.

नागोठणे_नाका

इथेही तोच. माणगावला किती ट्रॅफिक आहे कोणाला माहीत आहे का? शनिवारी निघायचंय.

मोजपट्टी

स्पीडब्रेकरला पोट का लागतं त्याचा हिशोब. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानुसार गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. त्यावर २.६ मीटर चाकांतराच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीच्या पोटाखालच्या जागेत त्याचा माथा साधारण ५ सेमी वर येतो. लांब ई-क्लासचं चाकांतर आधीच्या पिढीत ३०७९ मिमी, आताच्या पिढीत ३०९४, लांब पाच सिरीजचं ३१०५. म्हणजे ७ सेमी. मापातला असेल तर हेही निघून जातं. खरी अडचण गल्लीतल्या अरुंद, उंच उंचवट्यांची, त्यांना कसलंच माप नसतं.

मागे तिघं बसलेत आणि डिकी भरलीय तर मागची बाजू आधीच दबलेली असते. तिरकी घ्या, एकेक चाक चढवा, पुढची चाकं उतरेपर्यंत ब्रेक सोडून द्या, कारण ब्रेक धरला की नाक खाली जातं. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर उंच करायचं बटण उंचवट्याच्या आधी वीस-तीस सेकंद दाबा, ते लगेच होत नाही.

एम्पिअर

एअर सस्पेन्शनवरून: सकाळी एक कोपरा बसलेला दिसला की फुग्यावर आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे दाखवतील. "चालू केली की उठतेय ना" म्हणून दामटू नका. गळणारा फुगा भरता भरता कॉम्प्रेसर जळतो आणि खर्च दुप्पट होतो.

हिंदमाता_पूर

पाणी साचलेल्या रस्त्यात या गाड्यांचा हवा खेचायचा मार्ग बराच खाली, दिव्यांच्या पातळीला असतो. समोरून ट्रक गेला की त्याची लाट आत जाते. सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड नसेल तर हे नुकसान सहसा मिळत नाही.

चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, सपाट ट्रकच मागवा. ट्रकवर चढवायला लागणारा ओढायचा हूक डिकीतल्या हत्यारांत असतो, बंपरवरची छोटी झाकणी काढून तिथे फिरवून बसवायचा. फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवला की घट्ट होतो. हे माहीत नसलं की भर पावसात वाटतं हूकच चुकीचा आहे.

औरंगपुरा

पावसावरून सुपर्बची छत्री आठवली. गाडी आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडली जायची. दुसऱ्या पिढीत छत्री मागच्या डाव्या दारात, तिसऱ्या पिढीत पुढच्या दोन्ही दारांत. ओली ठेवली तरी पाणी दारातूनच खाली निघतं. फक्त तो निचरा वर्षातून एकदा धुवा.

डिझेल_दादा

बीएस६ डिझेलवाले. रोज ४-५ किमीच फिरत असेल तर डिझेल घेऊ नका. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याला ताशी ६० च्या वर सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. पंखा जोरात, आयडलिंग नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे जाळणं चालू आहे. तेव्हा बंद करू नका, वारंवार तसं झालं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. वाढलेली पातळी बघून खूश होऊ नका, ऑइल बदला.

ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव, ३२.५ टक्के युरिया) संपत आल्याची सूचना आली की लगेच भरा. उरलेले किमी शून्यावर गेले की गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. सांडलं तर पाण्याने धुवा, पांढरे खडे धरतात. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशनसुद्धा लावू नका, टाकी उतरवून घ्या.

हिशोबनीस

पटकन एक. १० लाखांवरच्या नव्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल केलेला आयकर) घेतो. तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत दिसतो, विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. खूप जण विसरतात.

कोथरूडची_मी

काका, पुढची डावी नळी बंद होती! नायलॉनची दोरी सारली, काळा गाळ आणि गुलमोहराची बारीक पानं निघाली. आता अर्धा पेला ओतला की बिजागरीपाशी धार लागतेय. काच बदलायची नाही. खूप खूप आभार.

गॅरेजकाका

छान. उरलेल्या तिन्ही आजच तपासा ताई, आणि गुलमोहराखाली लावत असाल तर दर जूनच्या आधी. फोम दाबून बघितलात का?

कोथरूडची_मी

दाबला, अजून ओला आहे. सीटचे बोल्ट काढायचे का?

गॅरेजकाका

सीटखाली एअरबॅगची पिवळी वायर असते. आधी बॅटरीचं ऋण टोक काढा, दहा मिनिटं थांबा, मगच ती जोडणी सोडवा. वायर सुटलेली असताना इग्निशन लावू नका, एअरबॅगचा दिवा लागून राहतो.