आशाताईंच्या फॉर्मवर सगळ्यांचा स्कोर शून्य. सिस्टरने काय करावं?

वऱ्हाडी_सिस्टर:
सीबॅक फॉर्म, म्हणजे आशाताई घरोघरी भरतात तो आजारांच्या धोक्याचा तपासणी फॉर्म. त्याच्या शेवटच्या दोन मानसिक प्रश्नांत सगळं गाव शून्यावर. पण त्यातलीच बाई डोकं जड, हातपाय गळतात, झोप नाही म्हणून महिन्यातून तीनदा ओपीडीत. उपकेंद्रात आडोसा नाही, दारात बीपी-शुगरची रांग. औषध आपण सुरू करत नाही. मग करायचं काय?

पीएचसी_परिचारिका:
सासू शेजारी बसलेली असताना 'निराश वाटतं का' विचारलं तर शून्यच येणार. बीपीचं मशीन आतल्या खोलीत न्या, सोबतचं माणूस आपोआप बाहेर राहतं. सुरुवात झोप-भुकेपासून. मग 'गेल्या दोन आठवड्यांत कशात जीव लागत नाही असे किती दिवस गेले?' अजिबात नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त 2, जवळपास रोज 3. दुसरा प्रश्न उदास वाटण्याचा, तोही दिवसांतच विचारा. दोन्हींची बेरीज 3 किंवा जास्त झाली तर नऊ प्रश्नांचा पीएचक्यू, म्हणजे नैराश्य तपासायची प्रश्नावली, घ्या. त्यात 10 किंवा वर गेलं की वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. हातपाय गळतात म्हणणारीचं हिमोग्लोबिनही बघा. ते कमी निघालं म्हणून मनाचं विचारणं मात्र सोडू नका, दोन्ही एकत्र असतं.

डीएमएचपी_नर्स:
नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज विसरा आणि थेट विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती खोटी आहे. नुसता विचार आहे की बेत ठरलाय? कशाने? कधी? आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता? बेत असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवा, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला तिथूनच फोन लावा. पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत.
आणि कोणी औषध प्यालंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुप्फुसात जातं. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डाव्या कुशीवर ठेवा, 108 बोलवा. डबा सोबत द्या, विष कोणतं ते दवाखान्यात कळायला हवं.

पीएचसी_परिचारिका:
गोळी डॉक्टर लिहितात, ती टिकवायची कोणी? समजा नैराश्यावरची फ्लुओक्सेटिन 20 मिग्रॅ, सकाळी. मळमळ, बेचैनी पहिल्याच आठवड्यात, गुण यायला दोन ते चार आठवडे. म्हणून आठव्या दिवशी पाकीट फळीवर जातं. हे गोळी देतानाच सांगा, सातव्या दिवशी आशाताईंना घरी पाठवा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू, आणि बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. नैराश्यावरचीच दुसरी गोळी अमिट्रिप्टिलिन असेल तर एका वेळी आठवड्याचीच द्या. एकदम घेतली तर ती हृदयावर जाते.

वऱ्हाडी_सिस्टर:
आणि दारूवाले? घरचे म्हणतात 'उद्यापासून बंद करून टाकतो.'

डीएमएचपी_नर्स:
रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम घरी तोडू नका. 6 ते 24 तासांत हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते. आधी झटके येऊन गेले असतील तर थेट भरती. सलाईनमधून ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी1), ही आठवण ड्युटीवरच्या सिस्टरनेच करून द्यायची असते.