शब्दचर्चा : अपरूप, बहुरूप आणि दाट झालेलं गंधक

मिरजकर : शाळेच्या पुस्तकात 'अपरूपता', म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळी रूपं असणं, हिरा-ग्राफाइटपुरतीच भेटते. आपल्या सांगलीकडच्या साखर कारखान्यांत सल्फिटेशनसाठी (उसाच्या रसाला गंधकाचा धूर देऊन तो स्वच्छ करण्यासाठी) गंधक वितळवतात, ते जास्त तापलं की दाट होतं. त्यालाही अपरूप म्हणायचं का?

वाळवेकर : जरूर म्हणा. तिथे तर अणूंची जोडणीच बदलते. साध्या गंधकाच्या रेणूत ८ अणूंचं, मुकुटासारखं वरखाली वळलेलं कडं असतं. कड्यातले बंध सहसंयुज, भक्कम. कड्याकड्यांतली ओढ मात्र क्षीण, म्हणून खडा ठिसूळ आणि ११५ ते ११९ अंश सेल्सिअसला वितळणारा. वितळल्यावरही कडी शाबूत राहतात, म्हणून रस पातळ आणि पिवळा. १५९ अंशांपुढे कडी उघडून त्यांच्या लांब साखळ्या जुळतात, एकमेकींत गुंततात. रस तांबूस-तपकिरी, काकवीसारखा होतो. १८७ अंशांच्या आसपास तो सर्वांत दाट.

मिरजकर : गंधकाचा पाइप तुंबला की त्याला तापवणारी वाफ वाढवतात, ती याचमुळे अंगावर येते?

वाळवेकर : हो. गेजवर ४ किलो (दर चौरस सेंटिमीटर) दाबाची संपृक्त वाफ सुमारे १५१ अंशांची असते, ६ किलोची सुमारे १६४. म्हणजे दोन किलो दाबाच्या फरकात सीमा ओलांडली जाते. आधी रंग बघा. फिकट पिवळा, घट्ट गोळा असेल तर गंधक थिजलंय. बहुतेक वळणावरचं इन्सुलेशन निघालेलं असतं, तिथे वाफ हवीच. तांबूस आणि तार धरणारं असेल तर वाफ कमी करा, १५९च्या खाली कडी पुन्हा बनतात आणि रस पातळ होतो. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

कराडकर : एक भेद पाळायला हवा. ९५.५ अंशांखाली स्थिर असणारे अष्टफलकी खडे आणि त्यावरचे सुईसारखे स्फटिक, दोन्हींत तीच ८ अणूंची कडी. फक्त रचण्याची पद्धत वेगळी. त्यांना बहुरूपंही (एकाच पदार्थाचे वेगळ्या रचणीचे स्फटिक) म्हणता येईल, अपरूपंही. पण कॅल्साइट आणि अरॅगोनाइट ही कॅल्शियम कार्बोनेटची खनिजं फक्त बहुरूपं, कारण कॅल्शियम कार्बोनेट संयुग आहे, अपरूप मूलद्रव्याचंच. उलट ऑक्सिजन आणि ओझोन वायू असूनही अपरूपं, तिथे स्फटिकाचा प्रश्नच नाही.

मिरजकर : आणि 'प्लास्टिक गंधक'?

वाळवेकर : तेही अपरूपच. तोच दाट रस गार पाण्यात ओतला की साखळ्यांना परत कडी व्हायला सवड मिळत नाही, हाती रबरासारखा लवचिक दोरा येतो. काही दिवसांत तो पिवळा, ठिसूळ होतो.