कॅलिफोर्नियातील कामगार भरपाई अपील मंडळाचे नियम करण्याचे अधिकार

प्रश्न: सात सदस्यांचे हे मंडळ स्वतःचे नियम स्वतःच करते का, आणि त्यावर अंकुश कोणता?

उत्तर १: लेबर कोड म्हणजे राज्याच्या कामगार कायद्याच्या कलम ५३०७ नुसार चार सदस्यांच्या सहीच्या आदेशाने मंडळ कार्यपद्धती, नोटिशीचे स्वरूप आणि पुराव्याची व्याप्ती यांविषयी वाजवी नियम करू शकते, मात्र त्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागते, आणि जखमी कामगारांची बाजू तेथे मांडता येत असल्याने मला हीच अट सर्वांत मोलाची वाटते.

उत्तर २: वैद्यकीय उपचारांचे दरपत्रक मात्र मंडळ नव्हे, तर राज्याच्या कामगार भरपाई विभागाचे प्रशासकीय संचालक ठरवतात.

उत्तर ३: शिवाय कार्यपद्धतीच्या नावाखाली कायद्याने दिलेला भरपाईचा हक्क मंडळाला कमी करता येत नाही, तसा नियम न्यायालयात टिकणार नाही.