शेंगेनचा दोन-पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा : काय जोडायचं, कुठे अडतं

18 एप्रिल 2024 च्या युरोपीय आयोगाच्या निर्णयानंतर भारतात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच, लांब मुदतीचा टूरिस्ट व्हिसा मिळणं बरंच सोपं झालंय. तरी अर्जाच्या वेळी गोंधळ व्हायचा तो होतोच. ज्यांनी असे अर्ज भरलेत किंवा भरून दिलेत, त्यांनी लिहा. 'आम्हाला मिळाला, तुम्हालाही मिळेल' एवढंच नको. कागद, मुदती, आकडे हवेत.

*

आधी नियम. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळालेले आणि नीट वापरलेले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे मुदतीत कितीही वेळा जाता येणारा. तो संपल्यावर पाच वर्षांचा. यातला 'वापरलेले' हा शब्द महत्त्वाचा. व्हिसा घेतला पण ट्रिप रद्द झाली, तर तो मोजणीत धरू नका. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहिलात तर 'नीट' हा भाग गेला.

ही सवलत राहण्याच्या जागेला बांधलेली आहे. भारतीय पासपोर्ट असून आखातात राहणाऱ्यांना सर्वसाधारण नियम लागतो : दोन वर्षांत तीन व्हिसा वापरले की एक वर्षाचा, मग दोन, मग पाच.

*

वरच्या सगळ्यावर पाणी पडतं ते पासपोर्टमुळे. शेवटच्या परतीनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध हवा, म्हणून व्हिसा त्या हिशेबानेच कापून देतात. पासपोर्ट 30 जून 2028 ला संपत असेल तर व्हिसा फार तर 30 मार्च 2028 पर्यंत, मग तुम्ही पाच वर्षांना पात्र असा नाहीतर दोन. अडीच वर्षांपेक्षा कमी मुदत उरली असेल तर आधी पासपोर्ट रीइश्यू करा, मग अर्ज. दोन कोरी पानंही लागतात.

रीइश्यू केल्यावर जुना पासपोर्ट कपाटात टाकू नका. मागचे व्हिसा आणि शिक्के त्यातच आहेत, अर्जासोबत तो द्यावा लागतो. चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर प्रवासात दोन्ही बरोबर ठेवायचे.

*

फॉर्ममध्ये 'किती प्रवेश हवेत' या रकान्यात 'मल्टिपल'वर खूण करा. ती राहून गेल्याने सिंगल मिळाल्याची उदाहरणं कमी नाहीत. कव्हर लेटरमध्ये तीन ओळी पुरतात : मागच्या व्हिसांचे नंबर आणि तारखा, त्यांवर केलेल्या प्रवासाच्या तारखा, आणि 'या आधारे दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळावा'. 'युरोपचं फार आकर्षण आहे' वगैरे निबंध कुणी वाचत नाही.

कार्यक्रम मात्र फक्त पहिल्या ट्रिपचा द्यायचा. दोन वर्षांतल्या चार काल्पनिक सहली लिहिल्या की त्यांची बुकिंग्जही मागतात. विम्याचंही तसंच : 30,000 युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पहिल्या प्रवासाच्या दिवसांपुरतं. पुढच्या वेळी विमा काढू, ही जबाबदारी तुम्ही फॉर्मवरच्या सहीने घेतलेली असते.

अर्ज कुठे? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करून नंतर मुक्काम फिरवणं हे पुढच्या अर्जाला भोवतं.

*

बँक स्टेटमेंटबद्दल. शिल्लक किती हा प्रश्न सगळे विचारतात, पण अडतं ते अर्जाच्या आठवडाभर आधी आलेल्या मोठ्या रकमेवर. एफडी मोडली असेल तर तिची पावती जोडा, मुलाने पाठवले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट. नुसती जमा दिसली की ती उसनी समजतात. नोकरी असेल तर रजेच्या पत्रातल्या तारखा आणि तिकिटाच्या तारखा एकच हव्यात.

फी 11 जून 2024 पासून 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 45. सिंगल असो की पाच वर्षांचा, आकडा तोच. अर्ज प्रवासाआधी जास्तीत जास्त सहा महिने, कमीत कमी 15 दिवस. निर्णयाला 15 दिवस, शंका असेल तर 45 पर्यंत. मागच्या अर्जाला दिलेले बोटांचे ठसे 59 महिने चालतात.

*

पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं मुक्काम नव्हे! कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस धरायचे. 1 मार्च ते 30 एप्रिल राहिलात तर 61 झाले. 1 जुलैला पुन्हा युरोपात गेलात तर उरले 29, म्हणजे 29 जुलैला बाहेर. मार्चचे दिवस गळायला लागतात ते थेट 28 ऑगस्टपासून. 'जानेवारीपासून नवीन 90' असं काही नसतं. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत, तिथले दिवस यात येत नाहीत.

*

एक भर. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर ईईएस (एंट्री-एक्झिट सिस्टिम) ही येण्याजाण्याची संगणकीय नोंदणी टप्प्याटप्प्याने आली. ती पूर्ण लागू झाली की पासपोर्टवर शिक्का नाही, चेहरा आणि ठसे घेतात. म्हणजे पुढच्या अर्जाला दाखवायला शिक्के नसतील. बोर्डिंग पास आणि हॉटेलची बिलं जपून ठेवा.

*

ब्रिटनशी गल्लत करू नका. तिथे दोन, पाच, दहा वर्षांचा व्हिसा थेट मागता येतो, पण मुदतीनुसार फी चढत जाते आणि मागितला त्यापेक्षा कमी मुदतीचा दिला तर फरक परत मिळत नाही. एका भेटीत साधारण सहा महिने.

*

पासपोर्ट हातात आला की स्टिकर तिथेच वाचा. प्रवेशांच्या जागी 'मल्ट' हवं, '01' असेल तर सिंगल. मुक्कामाचे दिवस 90 आहेत का, तारखा, नाव, पासपोर्ट नंबर. चूक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवा, विमानतळावर ती दुरुस्त होत नाही. सिंगल व्हिसावर मुदत मुक्कामाच्या दिवसांपेक्षा साधारण 15 दिवस जास्त दिसते, ती सवलत आहे. जास्त राहण्याची परवानगी नाही.