शब्दचर्चा : 'रिकर्सिव्ह क्वेरी', 'सेमी-नाइव्ह', 'मॅजिक सेट' यांना मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीकर

डिडक्टिव्ह डेटाबेसमधल्या (साठवलेल्या तथ्यांतून नियमांनी नवी तथ्यं काढणाऱ्या डेटाबेसमधल्या) रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे स्वतःवरच टेकलेल्या नियमांचे प्रश्न, जलद कशा करायच्या यावर पदवीच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'डिडक्टिव्ह'ला तर्कशास्त्रातला 'निगमनी' घेतला. 'रिकर्सिव्ह'ला मात्र 'आवर्ती' आणि 'पुनरावर्ती' असे दोन्ही शब्द वापरात आहेत. कोणता घ्यावा? 'सेमी-नाइव्ह' आणि 'मॅजिक सेट' या जलद करण्याच्या दोन युक्त्यांना काय?

उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. मधली स्थानकं गाळून ९ घेतलीत : रोहा, माणगाव, खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. तथ्यं ८ : पुढचे(रोहा, माणगाव), पुढचे(माणगाव, खेड), असं शेवटपर्यंत, म्हणजे रोह्याच्या पुढचं माणगाव, त्याच्या पुढचं खेड. नियम दोन (':-' म्हणजे 'जर', स्वल्पविराम म्हणजे 'आणि', क-ख-ग म्हणजे कोणतीही स्थानकं) :

पोहोच(क, ख) :- पुढचे(क, ख).
पोहोच(क, ग) :- पोहोच(क, ख), पुढचे(ख, ग).

चिपळूणकर

'आवर्ती' नको. आवर्ती ठेव, आवर्ती दशांश यांत तेच ते पुन्हा येतं. अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं केली तरी एकविसाव्या वेळी पाठ तोच असतो. तुमच्या दुसऱ्या नियमात तसं नाही. तिथे 'पोहोच'ची व्याख्या 'पोहोच'वरच टेकली आहे आणि दर फेरीला नियमाच्या हाती आधीपेक्षा जास्त जोड्या येतात. 'पुनरावर्ती' रुळलेला आहे, तोच ठेवा. पण 'पुनरावृत्ती' लूपसाठी राखून ठेवा आणि 'इटरेशन'ला सरळ 'फेरी' म्हणा. 'फिक्सपॉइंट' म्हणजे 'स्थिरबिंदू', ज्या फेरीत नवं काहीच निघत नाही ती अवस्था.

'नाइव्ह'ला 'भोळी' चालेल, 'सेमी-नाइव्ह'ला 'अर्धभोळी' नको. त्यातून काहीच कळत नाही. भोळ्या पद्धतीत दर फेरीला सगळं पहिल्यापासून काढतात. तुमच्या ९ स्थानकांवर फेरीगणिक ८, १५, २१, २६, ३०, ३३, ३५, ३६ आणि शेवटी खात्रीच्या फेरीत पुन्हा ३६ जोड्या निघतात. एकूण २४० वेळा जोडणी होते, आणि वेगळ्या जोड्या फक्त ३६. सुधारलेल्या पद्धतीत मागच्या फेरीत जी नवी भर पडली तेवढीच 'पुढचे'शी जोडायची. मग काम ३६ वरच थांबतं. म्हणून मी तिला 'भर-पद्धत' म्हणेन. मूळ नाव एकदा शेजारी द्या, पुढे मुलांना शोधताना लागेल.

मालवणकर

'भर' आवडला. आणखी एक जोडी सुचवतो. साठवलेली तथ्यं आणि नियमांतून निघालेली तथ्यं यांना 'विस्तारी' आणि 'आशयी' असे जड शब्द काढू नका. मराठी व्याकरणात 'सिद्ध' आणि 'साधित' आहेतच. 'पुढचे' सिद्ध, 'पोहोच' साधित. शाळेत हे शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात आणि अर्थही तंतोतंत बसतो.

देवगडकर

'मॅजिक सेट'ला 'जादूचा संच' म्हणालात तर शब्दाला शब्द मिळेल, काम कळणार नाही. ही युक्ती १९८६ साली मांडली गेली. तिच्यात जादू काही नाही. प्रश्नात जी किंमत दिलेली असते तिच्यावरून 'आपल्याला नेमकं कुणाबद्दल काढायचं आहे' याची यादी आधी तयार करायची आणि प्रत्येक नियमाच्या दारात ती यादी उभी करायची. म्हणून 'मागणी-संच'.

हे टिपणात अगदी जवळून दाखवा, कारण सगळी गंमत इथेच आहे. प्रश्न : पोहोच(चिपळूण, ?). अपेक्षित उत्तरं ५. मागणी न लावता सगळं काढलं तर ३६ जोड्या निघतात, त्यातल्या ३१ फुकट. तुमचा दुसरा नियम डावीकडून पुनरावर्ती आहे, म्हणजे 'पोहोच' आधी आणि 'क' तसाच पुढे जातो. त्यामुळे मागणी-संचात चिपळूण एकटंच राहतं आणि नेमक्या ५ जोड्या निघतात. आता तोच नियम उजवीकडून लिहा :

पोहोच(क, ग) :- पुढचे(क, ख), पोहोच(ख, ग).

आता चिपळूणचं उत्तर हवं तर संगमेश्वरचं हवं, त्यासाठी रत्नागिरीचं, अशी मागणी वाढत जाते :

मागणी(चिपळूण).
मागणी(ख) :- मागणी(क), पुढचे(क, ख).

संचात ६ स्थानकं येतात आणि जोड्या १५ निघतात. उत्तर तेच, काम तिप्पट. उलट 'सावंतवाडीला कुठून कुठून पोहोचता येतं' असं विचारलं तर उजवा नियम फायद्याचा. नियम कोणत्या बाजूने लिहायचा हे प्रश्नात कोणती जागा भरलेली आहे त्यावर ठरवा.

रत्नागिरीकर

आणि दुसऱ्या नियमात ':-' नंतरची दोन्ही पदं 'पोहोच'च ठेवली तर? फेऱ्या कमी होतात ना?

चिपळूणकर

होतात, ९ च्या जागी ५, कारण अंतर १, २, ४, ८ असं दुपटीने वाढतं. पण रोह्याहून कुडाळपर्यंतचा तोच प्रवास मधल्या प्रत्येक स्थानकावर तोडून पुन्हा पुन्हा निघतो. इथे जोडण्या ३६ वरून ९२ वर जातात. फेरीचा खर्च मोठा असेल तेव्हाच परवडतं. शिवाय अशा नियमात भर दोन्ही पदांना आळीपाळीने लावावी लागते. फक्त डाव्या पदाला लावली तर 'जुनं डावं, नवं उजवं' ही जोडी सुटते.

गुहागरकर

एसक्यूएलचा (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचा) परिच्छेद घालणार असाल तर एवढं घालाच. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचं 'विथ रिकर्सिव्ह' भर-पद्धतीनेच चालतं, पण पुनरावर्ती भागात स्वतःचं नाव एकदाच घेता येतं. मागणीही ते स्वतः लावत नाही. बाहेर 'व्हेअर'मध्ये चिपळूण लिहिलंत तर आधी ३६ जोड्या निघतात, मग गाळणी होते. अट पहिल्या, बीज भागात घाला.

दुसरी अडचण चक्राची. परतीच्या गाड्यांची ८ तथ्यं घातली की प्रत्येक स्थानकाहून स्वतःसह सगळीकडे पोहोचता येतं. ओळी एकत्र करणारं 'युनियन' जुनी ओळ पुन्हा आली की टाकून देतं, म्हणून ८१ जोड्यांवर थांबतं. 'युनियन ऑल' थांबत नाही. आणि सगळ्यात जास्त फसवतं ते हे : ओळीत किलोमीटरचा रकाना घातला की 'युनियन'सुद्धा थांबत नाही, कारण चिपळूण-खेड-चिपळूण फिरून आलेल्या ओळीत आकडा वेगळा, म्हणून ती नवीच ठरते. पोस्टग्रेस १४ पासून त्यासाठी 'सायकल' कलम आहे. मायएसक्यूएल ८ मूळ मर्यादेनुसार १००० फेऱ्यांनंतर चूक दाखवून थांबतं, एसक्यूएल सर्व्हर १०० नंतर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पुनरावर्ती भागाला फक्त 'युनियन ऑल' चालतं, त्यामुळे तिथे आलेली वाट सोबत बाळगून तपासावी लागते. मर्यादा वाढवणं हा चक्रावरचा उपाय नव्हे.

मालवणकर

'निगेशन'चं राहिलं. 'नकार' म्हणजे कुणीतरी नाही म्हटलं. इथे तथ्य सापडलं नाही एवढंच असतं, तेव्हा न्यायशास्त्रातला 'अभाव' घ्या. परतीच्या गाड्या नसताना 'खेडहून रोह्याला पोहोच नाही' हे 'पोहोच' स्थिरबिंदूला गेल्यावरच म्हणता येतं. अर्ध्या फेरीत म्हटलं तर पुढच्या फेरीत ते खोटं ठरू शकतं. म्हणून नियमांचे 'स्तर' पाडतात, खालचा स्तर पुरा झाल्याशिवाय वरच्यात अभाव वापरायचा नाही.

देवगडकर

त्याला जोडून एक. मागणी-संच लावून नियम नव्याने लिहिले की कधीकधी हे स्तर मोडतात, कारण वरच्या स्तरातली मागणी खालच्या नियमात शिरते. अभाव असलेल्या नियमांवर मागणी लावण्याआधी कोण कुणावर टेकलंय त्याचा आलेख पुन्हा काढा. त्या आलेखात अभावाचा दुवा चक्रात सापडला तर ते साधित कोष्टक मागणीशिवाय पूर्ण काढा, आणि मागणी बाकीच्यांना लावा.